नळाच्या पाण्यातला क्लोरीन आणि त्याची पिलावळ: घरात काय तपासायचं, काय करायचं

मृगाचा पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले की आमच्या घरात सासूबाईंचं एक वाक्य ठरलेलं असतं, "आज पाण्याला पावडरचा वास मारतोय गं." आणि तो असतोच. नदी गढूळ झालेली असते, शुद्धीकरण केंद्रात क्लोरीनचा डोस वाढवलेला असतो, आणि सकाळी घागर नळाखाली लावली की वास थेट नाकात जातो. मग शेजारणींची चर्चा सुरू होते. एक म्हणते, क्लोरीननं कॅन्सर होतो, नळाचं पाणी पिणंच बंद करा. दुसरी म्हणते, आमच्याकडं आरओ आहे, आम्हाला काही होत नाही. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून शेवटी सगळ्यांचा मोर्चा माझ्याकडं वळतो. दारात उभ्याउभ्या सांगून न संपणारा हा विषय आहे, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढलं.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. पुरवठ्याच्या पाण्यात क्लोरीन हवाच. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं गेली, हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यानं पाहिलंय. ती हिपॅटायटिस ई, म्हणजे मैलामिश्रित पाण्यातून पसरणारी कावीळ होती. असे जंतू काही आठवड्यांत माणसाला अंथरुणाला खिळवतात. क्लोरीनमुळं तयार होणाऱ्या रसायनांचा धोका वर्षानुवर्षांचा आणि हळू साचणारा आहे. दुसरा धोका टाळायचा म्हणून पहिला घरात घेऊ नका. खाली जे काही लिहिलंय ते हे डोक्यात ठेवून वाचा.

ही रसायनं येतात कुठून

क्लोरीन जंतूंना मारतो तसा पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांशीही भिडतो. कुजलेला पालापाचोळा, माती, शेवाळ, जलपर्णी, सांडपाणी या सगळ्यांतून पाण्यात सेंद्रिय द्रव्यं उतरतात. डोळ्यांना पाणी नितळ दिसलं तरी ती त्यात असतात. क्लोरीन त्यांच्याशी जोडला गेला की नवी संयुगं बनतात. 1974 मध्ये नेदरलँड्सच्या रॉटरडॅममधले रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी क्लोरीन दिलेल्या पाण्यात क्लोरोफॉर्म तयार होतो हे दाखवून दिलं, आणि तिथून या विषयाचा अभ्यास सुरू झाला.

यातले दोन गट ओळखून ठेवा, कारण पुढचे सगळे उपाय या दोन गटांच्या स्वभावावर ठरतात. पहिला गट ट्रायहॅलोमिथेन, म्हणजे टीएचएम. यात क्लोरोफॉर्म, ब्रोमोडायक्लोरोमिथेन, डायब्रोमोक्लोरोमिथेन आणि ब्रोमोफॉर्म असे चार भाऊ आहेत. हे उडून जाणारे आहेत. क्लोरोफॉर्म तर 61 अंशांनाच उकळतो. दुसरा गट हॅलोअ‍ॅसेटिक आम्लांचा, म्हणजे एचएए. ही पाण्यात घट्ट विरघळून राहतात आणि वाफेबरोबर फारशी जात नाहीत.

भारतीय मानक आयएस 10500 (2012) प्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोरोफॉर्म लिटरला 0.2 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. ब्रोमोफॉर्म आणि डायब्रोमोक्लोरोमिथेनला प्रत्येकी 0.1 आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेनला 0.06 अशी मर्यादा आहे. अमेरिकेत चौघांची मिळून बेरीज 0.08 च्या वर जाऊ देत नाहीत, युरोपात 0.1 च्या. अमेरिकेत पाच एचएए मिळून 0.06 ही मर्यादा आहे. आपल्या मानकाच्या यादीत मात्र एचएएचं नावच नाही. वर्षानुवर्षं टीएचएम जास्त असलेलं पाणी वापरणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसतं, असं अनेक पाहण्यांत आढळलंय. एखाद्या आठवड्याच्या वासानं घाबरून जायचं कारण नाही. पण दहा-वीस वर्षं रोज पोटात काय जातंय याची काळजी करायलाच हवी.

आपलं पाणी कुठलं, हे आधी ठरवा

कोल्हापुरात "नळाचं पाणी" म्हणजे सगळीकडं एकच पाणी नव्हे. वर्षानुवर्षं शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी इथून उपसलेलं नदीचं पाणी शहर पीत आलंय, काही भाग कळंब्याच्या तलावावरही राहिलाय. 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत आलं. सुमारे 53 किलोमीटरची ती लाईन कच्चं पाणी आणते, त्यामुळं तिच्या लांबीशी टीएचएमचा संबंध नाही. क्लोरीन मिसळल्यानंतर तुमच्या पेल्यात येईपर्यंत किती तास गेले, हे महत्त्वाचं. धरणाच्या पाण्यात शहराचा मैला नाही, पण सह्याद्रीच्या जंगलातला पालापाचोळा आहेच. नदीच्या पाण्यात पालापाचोळा आणि सांडपाणी, दोन्ही येतं.

आपल्या भागाला कुठलं पाणी येतं हे वॉर्डात पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारा. त्याच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नसतं. कुठल्या दिवशी पाणी बदललं, कधी लाईन फुटली, हेही तोच सांगेल. उपनगरात किंवा गावात बोअरचं, टँकरचं पाणी मिसळत असाल तर तेही लिहून ठेवा, कारण बोअरचं दुखणं वेगळं आहे. त्याच्याकडं नंतर येते.

क्लोरीन मोजा: दहा सेकंद आणि पाच मिनिटं

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक जी ओटी टेस्ट करतो, ती घरीही करता येते. ओटी म्हणजे ऑर्थोटोल्युडिन. किट स्वस्त असतं. काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, नळी उलटीसुलटी करायची आणि सोबतच्या रंगपट्टीशी रंग जुळवायचा.

बहुतेक जण इथंच चुकतात, रंग सावकाश बघतात. दहा सेकंदांच्या आत दिसतो तो रंग मोकळ्या क्लोरीनचा. आमच्या स्वयंपाकघरात परवा मी केली तेव्हा थेंब पडताच लिंबाच्या सालीसारखा फिका पिवळा आला, पट्टीवर 0.2 च्या आसपास. नळी तशीच ओट्यावर ठेवली. पाच मिनिटांनी बघते तर रंग गडद होऊन हळदीच्या पाण्यासारखा झाला होता. हा वाढलेला रंग बांधलेल्या क्लोरीनचा, म्हणजे अमोनियासारख्या घाणीशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा. उग्र, डोळ्यांना झोंबणारा "पावडरचा वास" बऱ्याचदा याचाच असतो. वास जास्त म्हणजे क्लोरीन भरपूर, असं गृहीत धरू नका.

नळाच्या पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम हवा, 1 पेक्षा जास्त नको. साथीच्या दिवसांत 0.5 असलेला बरा. ओटीचं रसायन विषारी आहे. तपासलेलं पाणी मोरीत ओता, हात धुवा, मुलांच्या हाती किट देऊ नका. डीपीडीच्या गोळ्यांचं किट मिळालं तर तेच घ्या, ते जास्त सुरक्षित आणि अचूक आहे.

टीडीएस मीटरचं एवढंच सांगते: तो क्षार मोजतो. टीएचएम, एचएए, तणनाशक यांपैकी काहीही त्याला दिसत नाही. आणि कुणी दोन सळ्यांचं यंत्र पाण्यात बुडवून पाणी तपकिरी करून दाखवलं तर घाबरू नका. तो गंज त्या लोखंडी सळ्यांतूनच सुटलेला असतो. आमच्या दारात एका विक्रेत्यानं हे करून दाखवलं तेव्हा सासूबाईंचा जीव अक्षरशः धास्तावला होता, दोन दिवस त्यांनी नळाचं पाणी तोंडाला लावलं नाही. म्हाताऱ्या माणसांना असं घाबरवून यंत्रं विकणं मला मुळीच पटत नाही.

प्रयोगशाळेत द्यायचं तर दोन बाटल्या

टीएचएम घरी मोजता येत नाही, त्याला गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र लागतं. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला आधी फोन करून "चारही टीएचएम वेगवेगळे करता का, एचएए करता का" हे विचारा. पाणी पिण्याजोगं आहे का हे बघणाऱ्या साध्या "पोटेबिलिटी टेस्ट"मध्ये ही नावं नसतात. तपासणी महाग पडते, म्हणून अपार्टमेंटनं किंवा गल्लीनं मिळून करावी.

नमुना घेताना बाटली त्यांचीच घ्या. ती तपकिरी काचेची असते आणि आत क्लोरीन थांबवणारं औषध आधीच घातलेलं असतं. ते नसेल तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतच टीएचएम बनत राहतो आणि आकडा खोटा येतो. बाटली विसळायची नाही, काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी केल्यावर आत बुडबुडा दिसता कामा नये. बुडबुड्यात क्लोरोफॉर्म निघून जातो. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

एक बाटली रस्त्यावरून येणाऱ्या थेट नळाची आणि दुसरी टाकीतून येणाऱ्या स्वयंपाकघरातल्या नळाची, अशा दोन भरा. थेट नळाचा आकडा कमी आणि टाकीनंतरचा जास्त आला, तर दोष तुमच्या टाकीत आहे. दोन्ही जास्त आले तर प्रश्न शुद्धीकरणाचा आहे आणि तो सगळ्यांनी मिळून मांडायचा आहे. वर्षातून एकदाच परवडत असेल तर मृगानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात करा, दुसऱ्यांदा जमलं तर मे महिन्यात. ऊन जितकं जास्त तितकी ही संयुगं झपाट्यानं बनतात.

टाकी: मोठा फरक इथंच पडतो

तीन वर्षांपूर्वी आमच्या अपार्टमेंटची टाकी साफ करायला एका ठेकेदाराची माणसं आली. वीस मिनिटांत काम आटोपून गेली. चार दिवस पाण्याला इतका वास होता की चहासुद्धा घशाखाली उतरेना. शेवटी मी आणि खालच्या मजल्यावरचे काका गच्चीवर चढलो, झाकण काढून बॅटरी मारली. तळाला बोटभर जाड, चॉकलेटी, बुळबुळीत गाळ तसाच होता आणि त्यावर न विरघळलेल्या पावडरीचे पांढरे गोळे बसले होते. म्हणजे सेंद्रिय घाण, तिच्यावर मण-मणाचा क्लोरीन आणि वरून एप्रिलचं ऊन. टीएचएम बनवायचा कारखानाच म्हणा. त्या दिवशी मला खूप राग आला, कारण त्या टाकीचं पाणी पाळण्यातल्या बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत सगळी इमारत पीत होती.

तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे. टाकी पूर्ण रिकामी करायची. भिंती आणि तळ ब्रशनं घासायचे, गाळ बादलीनं आणि फडक्यानं उचलायचा, साध्या पाण्यानं दोनदा धुवून ते पाणी सोडून द्यायचं. घाण निघाल्यावरच क्लोरीन. पावडर कधीही थेट टाकीत टाकायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी ओतायची. येणाऱ्या पाण्यात क्लोरीन शून्य निघाला तरच टाकीत भर घाला. 1000 लिटरला साधारण 5 ग्रॅम ताजी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पुरते. त्यात 33 टक्के क्लोरीन धरला तर लिटरला दीड मिलिग्रॅमच्या थोडं वर जातं. अर्ध्या तासानं ओटी करून 0.2 ते 0.5 आलं की थांबा. डबा उघडा राहिलेली, ओल धरलेली पावडर निकामी झालेली असते. पावडर आणि टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड जवळजवळसुद्धा ठेवू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो.

टाकी गरजेपेक्षा मोठी नको. पाणी दोन-तीन दिवस आत पडून राहिलं की क्लोरीन संपत जातो आणि त्याची संयुगं वाढत जातात. काळ्या टाकीवर पत्र्याचं छप्पर केलं तरी पाणी बरंच थंड राहतं.

नदीचं किंवा विहिरीचं पाणी आणून घरी मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं थेंबाथेंबानं घालायचं औषध घालणाऱ्यांनीही हाच क्रम धरावा. आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्या, वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या भांड्यात काढा, मग त्यात बाटलीवर लिहिल्याप्रमाणे थेंब घाला. आमची आजी तुरटीचा खडा घागरीत फिरवायची. गाळाबरोबर बरीचशी सेंद्रिय द्रव्यंही खाली बसवण्याचं काम तो खडा करत होता.

पिण्याचं पाणी

उकळायचं असेल तर पसरट पातेल्यात, झाकण न ठेवता, खळखळून उकळी आल्यावर पाच मिनिटं. जंतू मरतात आणि टीएचएमचा बराचसा भाग वाफेबरोबर निघून जातो. खिडकी उघडी ठेवा, ती वाफ घरात कोंडू नका. झाकण गार होताना ठेवायचं. गिझरचं गरम पाणी पिण्याला किंवा स्वयंपाकाला घेऊ नका. गार पाणी घेऊन गॅसवर तापवा. उकळल्यानं एचएए मात्र जवळजवळ तसंच राहतं, आणि पाणी आटल्यानं थोडं दाटही होतं.

एचएएसाठी आणि शेतीच्या औषधांसाठी कार्बन लागतो. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ब्लॉकचं फिल्टर क्लोरीन, टीएचएम, एचएएचा काही भाग आणि अ‍ॅट्राझीनसारखी तणनाशकं धरून ठेवतं. पण त्याची धरायची ताकद ठरावीक असते. शिवाय क्लोरोफॉर्म धरण्याची ताकद आधी संपते आणि क्लोरीन अडवण्याची बऱ्याच नंतर. म्हणून "अजून वास येत नाही, चालतंय" या हिशेबानं कार्ट्रिज वापरत राहू नका. पाकिटावर लिहिलेल्या लिटरच्या आत बदला. फिल्टरनंतरच्या पाण्यात ओटीचा पिवळा रंग आला तर तो कार्बन केव्हाच निकामी झालाय. कार्बनमधून आलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळं त्यात जंतू वाढू शकतात. ते पाणी त्या दिवशीच संपवा. घेताना एनएसएफ 53 हे प्रमाणपत्र आणि त्यात टीएचएमचा उल्लेख आहे का ते बघा. एनएसएफ 42 नुसत्या चव-वासाचं असतं.

आरओचं पातळ पापुद्र्याचं गाळण एचएए, नायट्रेट, क्षार चांगलं अडवतं, क्लोरोफॉर्मला मात्र तितकंसं नाही. आरओ यंत्रात टीएचएम जातो तो त्यातल्या कार्बनमुळं. आपल्या धरण-नदीच्या पाण्यात मुळात क्षार कमी असतात. लिटरभर पाण्यामागं दोन-तीन लिटर गटारात सोडणारं यंत्र केवळ शेजाऱ्यांकडं आहे म्हणून घेऊ नका. नळाच्या पाण्याला चांगला कार्बन ब्लॉक आणि उकळणं पुरेसं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. यूव्ही दिवा जंतू मारतो, रसायनांना हात लावत नाही. तांब्याच्या हंड्याचंही तेच.

बोअरचं पाणी पिणाऱ्यांसाठी गोष्ट वेगळी. ऊसपट्ट्यातल्या बोअरमध्ये युरियातून उतरलेलं नायट्रेट असू शकतं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. उकळल्यानं ते कमी न होता वाढतं, आणि बाटलीनं दूध पिणाऱ्या बाळासाठी ते घातक आहे. उसातल्या अ‍ॅट्राझीनला मानकात लिटरला 2 मायक्रोग्रॅम, टू-फोर-डी या दुसऱ्या तणनाशकाला 30 मायक्रोग्रॅम एवढीच मुभा आहे, आणि क्लोरीन किंवा उकळी यांपैकी कशानंही त्यांचं फारसं काही बिघडत नाही. अशा घरात आधी तपासणी आणि मग गरज असेल तर आरओ, हे रास्त. नॉनस्टिक भांड्यांमुळं माहीत झालेली पीएफएएस नावाची चिवट रसायनंही उकळून जात नाहीत. त्यांनाही कार्बन किंवा आरओच लागतो.

न्हाणीघर

टीएचएम पोटातून जातो तसा श्वासातून आणि कातडीतूनही जातो. बंद बाथरूममध्ये गरम शॉवरखाली वीस मिनिटं उभं राहिलात तर बराचसा भाग तिथंच अंगात जातो. बादली-तांब्याची अंघोळ, पाणी कोमट, खिडकी उघडी किंवा पंखा चालू, एवढं केलंत तरी पुरे.

महापालिकेकडं काय मागायचं

घरातल्या फिल्टरनं आपलं घर सुधारतं. सेंद्रिय घाण क्लोरीनआधी काढायची असेल तर ते केंद्रातच व्हायला हवं: तुरटीचा योग्य डोस, निवळायला पुरेसा वेळ, वाळूच्या गाळण्या वेळच्या वेळी धुणं, आणि क्लोरीन शक्यतो शेवटी. आणि जयंती नाला, दुधाळी नाल्याचं सांडपाणी नदीत मिसळायचं थांबणं, कारण आपण सोडलेलं खालच्या गावांच्या नळाला जातं. माहितीच्या अधिकारात अर्ज करताना "पाण्याचा अहवाल द्या" असं मोघम लिहू नका. टीएचएमची तपासणी होते का, कोणत्या तारखांना, कोणत्या ठिकाणच्या नमुन्यांची, आणि चारही घटकांचे आकडे किती, असे चार प्रश्न वेगवेगळे लिहा. त्यासोबत आपल्या दोन बाटल्यांचा अहवाल जोडता आला तर अर्जाला वजन येतं.

महापुराच्या दिवसांत

2019 च्या ऑगस्टमध्ये उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहर कित्येक दिवस टँकरवर होतं. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. अशा दिवसांत वरचं बरंचसं बाजूला ठेवा. टँकरचं पाणी आलं की आधी ओटी, क्लोरीन नसेल तर निवळून मेडिक्लोर, अर्धा तास थांबून मग खळखळून उकळणं. वास आला तर येऊ द्या. त्या आठवड्यात टीएचएमपेक्षा काविळीची आणि जुलाबाची चिंता मोठी आहे. पुराचं पाणी जमिनीखालच्या हौदात शिरलं असेल तर तो उपसून, घासून, क्लोरीननं धुतल्याशिवाय वापरू नका.

पाणी ओसरून पुरवठा नियमित झाला की पहिले दोन-तीन दिवस नळाचं सुरुवातीचं पाणी झाडांना आणि फरशीला जाऊ द्या. पुराच्या काळात फिल्टर वापरला असेल तर त्याची कार्ट्रिज काढून टाका, धुऊन परत बसवू नका. नवी बसवल्यावर तिच्यावर मार्करनं तारीख लिहा.